डोंगराला कान लावायची खोली

मी पाटण तालुक्यातला. आज ठेकेदार आहे, त्याआधी गवंडी होतो, त्याच्याही आधी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलायचो. शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, रस्त्याच्या मोऱ्या, स्मशानशेड, सगळं बांधून झालं. मधेमधे एक वेगळंच काम यायचं. माणूस राहत नाही, जनावर बांधत नाहीत, धान्यही ठेवत नाहीत अशी खोली. भूकंपमापकाची. अशा सात खोल्या मी बांधल्या. त्यातली पहिली वाया घालवली, दुसरी निम्मी वाया गेली, उरलेल्या पाच अजून कोरड्या आहेत.

परवा शिराळ्याकडचा एक तरुण ठेकेदार घरी आला. वारणेच्या अंगाला त्याला असंच काम मिळालंय. नकाशा पसरून बसला आणि म्हणाला, "दादा, तीन मीटर बाय अडीच मीटरची खोली. आमच्याकडे कोंबड्यांची शेडसुद्धा हिच्यापेक्षा मोठी असते. मग हिला एवढी कलमं कशाला?" त्याला दुपारभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीची कलमं आपोआप कळतात. यंत्राला डोंगर ऐकू आला पाहिजे, खोली ऐकू येता कामा नये. आपण आयुष्यभर भिंत, जोतं, फरशी एकमेकांत घट्ट बांधायला शिकलो. इथं तीच सवय मोडायची आहे.

असल्या खोल्या आल्या कुठून

आमच्या भागात कुणाला विचाराल तर कोयनेचं नाव निघेल, आणि ते बरोबरच आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मी सहा वर्षांचा होतो. आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं एवढं आठवतं, आणि नंतर घराच्या जागी नुसती धूळ. त्या भूकंपाची नोंद धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्रावर झाली होती. त्या कागदावर जगभरच्या धरण बांधणाऱ्यांनी अभ्यास केला. वारणेचं धरण भरल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडेही सरकला, म्हणून सांगली जिल्ह्याच्या कडेलाही यंत्रं आली.

पण जगात या खोल्या गावोगाव झाल्या त्याला कारण भूकंपाइतकंच अणुबॉम्बही आहे. हे मला एका शास्त्रज्ञ साहेबांनी साइटवर चहा पिताना सांगितलं, आणि मग मी स्वतः वाचत गेलो.

बॉम्बच्या चाचणीत बॉम्बाइतकंच महत्त्व यंत्रांच्या निवाऱ्याला असतं. स्फोट एका क्षणात संपतो, हातात काय उरतं तर मोजमाप. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. तेव्हा बॉम्ब ठेवलेल्या मनोऱ्यापासून साधारण नऊ किलोमीटरवर उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन बाजूंना लाकडाचे नि काँक्रीटचे खंदक बांधून त्यांवर माती चढवली होती. आत माणसं, कॅमेरे आणि मोजणीची यंत्रं. १ नोव्हेंबर १९५२ ला प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा तर सुतारांनी बॉम्बपासून दुसऱ्या बेटावरच्या निवाऱ्यापर्यंत पावणेतीन किलोमीटर लांब प्लायवूडची पेटी उभारली. तिच्यात हेलियम वायू भरला, म्हणजे स्फोटातून निघालेले किरण वाटेत हवेत न अडता थेट यंत्रापर्यंत पोचावेत. एवढं काम केलं, आणि पेटी वापरात राहिली डोळ्याचं पातं लवायच्या आत. बॉम्ब ठेवलेलं बेट नकाशावरूनच गेलं. मला त्या सुतारांचं फार वाटतं. आपल्या कामाचं कौतुक करायलासुद्धा काही उरलं नाही.

पुढं स्फोट जमिनीखाली व्हायला लागले. १९ सप्टेंबर १९५७ ला अमेरिकेनं नेवाडात डोंगराच्या पोटात, बोगद्यात, १.७ किलोटनचा स्फोट केला. वर धूर नाही, ढग नाही. मग दुसऱ्या देशानं असं गुपचूप काही केलं तर कळणार कसं? १९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हात अमेरिका आणि रशिया, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ याच प्रश्नावर बसले. उत्तर निघालं ते भूकंपमापकाचं. त्यातून १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेनं जगभर एकसारख्या यंत्रांची सव्वाशेच्या आसपास केंद्रं उभी केली. त्यातलं एक पुण्याच्या वेधशाळेत होतं. आपल्या अणुशक्तीवाल्यांनी १९६५ च्या सुमाराला ब्रिटिशांच्या मदतीनं कर्नाटकात गौरीबिदनूरला यंत्रांची रांग बसवली. वीस यंत्रं, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात.

स्फोट आणि भूकंप वेगळा कसा ओळखतात हे कळलं तेव्हा मला खोलीची किंमत कळली. स्फोट चारी दिशांना एकदम बाहेर ढकलतो, म्हणून कुठल्याही केंद्रावर पहिला हिसका वरच्या अंगाला. भूकंपात खडक खडकाला घासून सरकतो. काही दिशांना पहिल्यांदा ढकललं जातं, काहींना ओढलं जातं. शिवाय स्फोटात जमिनीच्या पृष्ठावरून सावकाश चालणाऱ्या लाटा मानानं लहान असतात. पोखरणला १८ मे १९७४ ला आणि ११ मे १९९८ ला जे झालं ते हजारो किलोमीटरवरच्या असल्याच खोल्यांत उमटलं. तो पहिला हिसका केसाएवढा असतो. तेवढ्यात आपल्या खोलीचं दार वाऱ्यानं हललं, तर ते केसाएवढं काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

जागा

जागा साहेब ठरवतात, पण रस्ता, पाणी आणि गाव आपल्याला जास्त माहीत असतं. म्हणून तोंड उघडा. माझ्या तिसऱ्या कामाला नकाशावर फार छान टेकडी निवडली होती. गावापासून लांब, झाड नाही, रस्ता नाही. मी म्हटलं, साहेब, पलीकडच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. वनकुसवड्याच्या पठारावर त्या शेकड्यानं उभ्या आहेत. पाती फिरली की खांबातून जमिनीत ठराविक ठेका उतरतो आणि तो यंत्राला किलोमीटरच्या किलोमीटर लांबून ऐकू येतो. जागा बदलली.

तशीच दुसरी गोष्ट गळिताच्या हंगामाची. मे महिन्यात पाहणी केली तर कृष्णाकाठ शांत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, खड्ड्यांतून आपटत जातात. त्यामुळे पाहणीचं फिरतं यंत्र दोन दिवस ठेवून भागत नाही. बाजाराचा दिवस, रात्र आणि हंगाम तिन्ही त्यात यायला पाहिजेत. पुणे-मिरज लोहमार्गापासून आणि कुंभार्ली घाटाच्या रस्त्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. गावाचा पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, खडी क्रशर या तिघांना कधी विसरू नका. मोठं झाड जवळ नको. वाऱ्यानं शेंडा हलतो तेव्हा मुळं जमीन ओढतात.

समुद्राचं मात्र काही करता येत नाही. पाटणपासून सरळ रेषेत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर कोकणकिनारा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याची लय पाच-दहा सेकंदांच्या हेलकाव्यांनी खडकातून इथवर येते. साहेबांनी मला ती पडद्यावर दाखवली. मी तोवर समुद्र दोनदाच पाहिला होता.

जागा जंगलहद्दीत असेल तर काम हातात घेण्यापूर्वी कागद बघा. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याची परवानगी हातात नसताना जेसीबी चढवलात, तर जेसीबीही जप्त होतो नि आपणही अडकतो.

खडक

काळ्या मातीत ही खोली होत नाही. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसात फुगते. तिच्यावर ठेवलेलं यंत्र वर्षभर झोका खेळत राहणार. जांभ्यावरही सांभाळून. सड्यावरचा जांभा वरून कडक दिसतो, खाली पोकळ नि चाळणीसारखा असतो. मुरूम हा कुजलेला खडकच. आपल्याला त्याच्याखालचा काळा, घट्ट पाषाण पाहिजे.

तो लागला हे कसं ओळखायचं? पाच किलोचा घण घ्या आणि जागोजागी मारा. घट्ट खडक ठण्ण वाजतो आणि घण हाताला परत येतो. सुटलेला थर किंवा खाली पोकळी असेल तर ढप्प आवाज येतो आणि हाताला काहीच झिणझिण्या येत नाहीत. आमचा एक म्हातारा वडार मिस्त्री डोळे मिटून सांगायचा, "हा डोंगराचा आहे, तो नुसता दगड आहे." दगड आणि डोंगर यांतला फरक त्याच्याकडून शिकलो. मोठा गोटाही ठण्ण वाजतो, पण त्याच्या भोवतीची माती काढली की तो सुटा आहे हे कळतं. पहिल्या कामात आम्ही अशाच एका गोट्यावर फसलो, ते पुढं सांगतो.

खड्डा सुरुंग लावून काढू नका. सुरुंगानं जो खडक आपल्याला हवा त्यालाच केसासारख्या चिरा जातात. ब्रेकरनं वरचा थर काढा, शेवटची वीतभर खोदाई छिन्नी-हातोड्यानं करा. वेळ जातो, मजुरी वाढते. दर लावतानाच ते धरा, नंतर रडत बसू नका.

ओटा

खोलीच्या मधोमध यंत्रासाठी काँक्रीटचा चौथरा असतो. इंजिनिअर त्याला पिअर म्हणतात. आमच्या पोरांनी त्याचं नाव देवाचा ओटा ठेवलं, कारण त्यावर पाय द्यायचा नाही, हत्यार ठेवायचं नाही, डबा खायला बसायचं नाही. साधारण एक मीटर बाय एक मीटर. उंची जितकी कमी तितकं चांगलं. उंच ओटा खांबासारखा डोलतो. खडक हातभर खाली असेल तर तेवढाच भरून घ्या, शोभेसाठी कंबरेएवढा उभारू नका.

खडक आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, पाण्यानं धुवायचा, उन्हात वाळवायचा नि पुन्हा धुवायचा. मातीचा एक पापुद्रा राहिला तर ओटा डोंगरावर बसतच नाही, त्या पापुद्र्यावर बसतो. मग ओल्या खडकावर सिमेंटची स्लरी आणि लगेच काँक्रीट.

इथं लोखंडी सळई घालायची नाही. माझ्यासारख्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकून घाम फुटला. सळईशिवाय काँक्रीट म्हणजे आपल्याला अर्धं काम वाटतं. पण लोखंड चुंबकाला ओढतं आणि यंत्राच्या आत चुंबक-तारांचाच खेळ असतो. शिवाय सळई आणि सिमेंट तापून अगदी सारखे पसरत नाहीत. खडीही घालत नाहीत. सिमेंट आणि चाळलेली वाळू समसमान घ्या, पाणी बेताचं ठेवा. म्हणजे ओटा वरपासून खालपर्यंत एकजीव होतो. व्हायब्रेटर लावून हवा काढा, पण एकाच जागी धरून ठेवू नका, नाहीतर वाळू खाली बसते आणि वर नुसतं पाणी येतं. एका दमात भरा. दुपारी जेवायला थांबलात की मधे सांधा पडला समजा. भर उन्हात ओतू नका. एवढं सिमेंट असलेला माल स्वतःच तापतो आणि तडकतो. आम्ही पहाटे पाचला सुरू करून नऊला उरकतो. नंतर गोणपाट टाकून किमान चौदा दिवस पाणी. वरचा पृष्ठभाग थापीनं सपाट करा, पाणसळ लावून चारही बाजूंनी बघा. त्यावर फरशी बसवायचा मोह टाळा. फरशीखाली कुठंतरी पोकळ राहतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओट्याच्या चारी बाजूंना खोलीच्या फरशीपासून मोकळी फट. निदान दोन इंच, खाली थेट खडकापर्यंत. खोलीच्या भिंतींचा पाया वेगळा, फरशी वेगळी, ओटा वेगळा. माणूस आत शिरला, त्याचा पाय फरशीवर पडला, तर तो दणका ओट्याला जाता कामा नये. वाऱ्यानं भिंत रेलली तरी ओट्याला कळता कामा नये.

माझं पहिलं काम इथंच बुडालं. फट सोडली होती, थर्माकोलची पट्टी उभी लावून. मी दोन दिवस लग्नाला गेलो. परत आलो तर फरशीवाल्यानं इमानेइतबारे पट्टी उपटून टाकलेली, फट सिमेंटनं भरलेली आणि वर घोटाई अशी की तोंड दिसावं. त्याला वाटलं मिस्त्री विसरला, आपण सांभाळून घेऊ. त्याला काय बोलणार? मीच कारण सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस छिन्नीनं ती फट पुन्हा कोरली. कोरता कोरता ओट्याचा एक कोपरा उडाला. नंतर तपासणीत कळलं की खालचा खडकही खडक नव्हता, खोलीएवढा सुटा गोटा होता. सगळं पाडलं. पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून काम सुरू करायच्या दिवशी मी सगळ्या मजुरांना, स्वयंपाक करणाऱ्या मावशींनासुद्धा, खड्ड्याभोवती बसवून ही फट कशाला ते सांगतो. घागर टेबलावर ठेवतो, टेबलाला बोट लावतो, पाणी हललेलं दाखवतो. मग घागर उचलून जमिनीवर ठेवतो आणि पुन्हा टेबलाला बोट लावतो. तेवढं पुरतं.

पाणी

कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परदेशातल्या नकाशावरून आलेलं गटार इथं हसू आणतं. खोली अर्धी जमिनीत असल्यामुळं पाणी वरून कमी आणि बाजूनं जास्त येतं. डोंगराच्या चढाकडच्या अंगाला, खोलीपासून चार-पाच मीटरवर, गुडघाभर खोल चर काढा आणि दोन्हीकडून उतारावर सोडा. भिंतीच्या बाहेरून वॉटरप्रूफिंग करा, मग दगडांचा भराव, त्याच्या तळाशी छिद्रांचा पाइप, आणि पाइपाचं तोंड खोलीच्या तळापेक्षा खाली कुठंतरी उजेडात निघालं पाहिजे. तोंडाला जाळी लावा. नाही लावलीत तर खेकडे येऊन राहतात आणि पाइप बुजतो. हे दुसऱ्या कामात झालं, म्हणून ते निम्मं वाया म्हटलं.

छत उताराचं आणि बुटकं. उंच भिंतीला वारा ढकलतो आणि आजूबाजूची जमीन किंचित कलते. आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. छतावर हातभर माती टाकून गवत वाढू द्यावं. माती ऊनही अडवते. त्यात कुणी हौसेनं गुलमोहर लावला तर दुसऱ्या दिवशी उपटा.

केबल आत घेताना ती थेट भोकात घालायची नाही. आधी खाली झोळ द्यायचा, मग वर भोकात. पाणी झोळाच्या तळाला थेंबून पडतं, आत येत नाही. भोकाचा पाइप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा आणि दोन्ही तोंडं फोमनं भरा. पाल, उंदीर, विंचू, मुंग्या सगळ्यांना ही खोली आवडते. थंड, अंधारी आणि माणूस नसलेली.

ऊब

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. यंत्र गरम-थंड झालं की त्याच्यातल्या स्प्रिंगा सैल-ताठ होतात. आणखी वाईट म्हणजे खोलीतली हवा फिरायला लागते आणि ती फिरणारी हवा यंत्राला ढकलते. म्हणून यंत्रावर जाड थर्माकोलची पेटी उलटी घालतात, आतली मोकळी जागा जमेल तेवढी भरून टाकतात. दार एक पुरत नाही. बाहेरचं लोखंडी, मधे छोटी मोकळी जागा, मग आतलं लाकडी, दोन्हींना रबराची कड. दार पश्चिमेला काढू नका, दुपारचं ऊन आणि पावसाची झोड दोन्ही तिकडूनच.

वीज आणि बाकीची व्यवस्था

बॅटऱ्या यंत्राच्या खोलीत ठेवू नयेत. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो आणि बंद खोलीत तो साठतो. दहा-पंधरा मीटरवर वेगळी छोटी खोली बांधा, तिला वर-खाली झरोके ठेवा. नोंद करणारी पेटी, चार्जर, सगळं तिथंच.

सोलरचा हिशेब उन्हाळ्यावर करणारा माणूस जुलैत रडतो. सगळं मिळून दहा वॅट लागतात असं धरा. दिवसाला २४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर-तास. आमच्याकडे आठवडाभर सूर्य दिसत नाही, हे नेहमीचंच. सात दिवसांचे १४० झाले. बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून २८० घ्या. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा जरा उभंच लावा. शेवाळ नि धूळ पावसानंच धुऊन जाते. पॅनेलचा खांब ओट्याजवळ रोवू नका. वाऱ्यात तो थरथरतो. कुंपणाचे खांबही लांबच.

वळीव पावसात वीज पडते ती उघड्या सड्यावर पहिल्यांदा. काळ्या पाषाणात अर्थिंग लागत नाही, कितीही खोल रोवा. उतारावर जिथं माती आणि ओल असेल तिथंपर्यंत तांब्याची पट्टी न्या आणि तिथं खड्डा करून बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी चिकणमाती, भरा. सगळी अर्थिंग एकत्र जोडा. वेळ जुळवायला जीपीएसचा अँटेना लागतो, त्याला मोकळं आकाश दिसलं पाहिजे.

राखणदाराची खोली, संडास आणि पाण्याची टाकी उताराच्या खालच्या बाजूला, निदान शंभर पावलं लांब. टाकीत पाणी पडतानाचा आवाजसुद्धा जमिनीतून जातो.

उत्तर कुठं आहे

ओट्यावर उत्तर-दक्षिण रेघ कोरून द्यावी लागते, यंत्र तिच्यावर लावतात. होकायंत्रावर जाऊ नका. आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकी असतो आणि सुई फसवतो. मी जुनी शंकूची पद्धत वापरतो. छत पडण्याआधी, ओट्याच्या जागेवर सपाट फळी ठेवून मधोमध सरळ काठी, ओळंब्यात. काठीच्या बुडाशी दोरी धरून वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला शिवेल तिथं खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवेल तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिच्यावर काटकोन म्हणजे उत्तर. घड्याळ लागत नाही. नाहीतरी आपल्याकडे घड्याळाचा दुपारचा बारा हा सूर्याचा बारा नसतोच. भारताची वेळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावर धरलेली असल्यानं सूर्य आपल्या डोक्यावर साधारण साडेबाराच्या पुढं येतो.

हे काम थंडीत करा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाटणला सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर असतो आणि काठीला सावलीच राहत नाही.

ताब्यात देताना

ओटा वाळायला वेळ द्या. चौदा दिवसांनी पाणी थांबलं म्हणून तो वाळला असं होत नाही, काही महिने तो ओल सोडत आकसत राहतो. यंत्र लगेच लावायची घाई साहेब करतील, तेव्हा त्यांना हे सांगा. पहिला पावसाळा खोली रिकामी ठेवता आली तर फार उत्तम. मी तळाला चारही कोपऱ्यांत कोरडं वर्तमानपत्र ठेवून दार लावतो आणि गणपतीनंतर उघडतो. कागद कुठल्या कोपऱ्यात भिजला त्यावरून गळती कळते.

शेवटची तपासणी अशी. यंत्र लावून सुरू झालं की एकानं खोलीबाहेर ठरलेल्या वेळी उड्या मारायच्या, एकानं फरशीवर टाच आपटायची, एकानं दार उघडून लावायचं. वेळ लिहून ठेवायची आणि नोंदीत बघायचं कुठली गोष्ट किती उमटली. पाचव्या खोलीला तीन उड्या अगदी पुसट उमटल्या, टाच जवळजवळ दिसली नाही. मी खूश. पण रात्री दोन ते चारच्या दरम्यान काहीतरी बारीक, सारखं टकटक येत होतं. दोन दिवस कुणाला कळेना. साहेब म्हणाले पंप असेल, मी म्हटलं इथं पंपच नाही. शेवटी मी रात्री तिथं झोपलो. बॅटरीच्या खोलीच्या पत्र्यावरून दवाचे थेंब खालच्या लोखंडी पिंपावर पडत होते. पिंप हलवलं.